टूलबारची बटणं आणि माउसचा कर्सर : क्यूटीमध्ये काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेस्कटॉपवर चालणारा प्रोग्रॅम लिहिताना सगळा वेळ आतल्या कामात जातो आणि टूलबारवरची चित्रं शेवटच्या आठवड्यात कुठून तरी आणून चिकटवली जातात. वापरणाऱ्याला मात्र सगळ्यात आधी तीच दिसतात. क्यूटी ही खिडक्या आणि बटणं असलेले प्रोग्रॅम लिहिण्याची लायब्ररी. ती सी++मधून किंवा पायसाइड६ घेऊन पायथनमधून वापरत विंडोज आणि लिनक्ससाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरण म्हणून नकाशा पाहण्याचा एक साधा प्रोग्रॅम समोर धरा. त्यात नकाशा सरकवता येतो, लहानमोठा करता येतो, अंतर मोजता येतं, खूण करता येते आणि सगळं सेव्ह करता येतं.

बटणाचं चित्र आणि कर्सर यांच्याकडे वापरणारा एकच गोष्ट विचारत असतो : इथे क्लिक केलं तर काय होईल? त्याचं उत्तर खरं मिळायला हवं. देखणेपणाचा विचार त्यानंतर. खालची बहुतेक उत्तरं याच मतावर उभी आहेत.

टूलबारच्या बटणासाठी चित्र किती पिक्सेलचं काढू?

निदान चार मापं काढा : १६, २०, २४ आणि ३२. विंडोजमध्ये ९६ डीपीआय (इंचाला ९६ ठिपके) म्हणजे १०० टक्के. स्क्रीन १२५ टक्क्यांवर असेल तर १६चं चित्र २० पिक्सेल जागा मागतं, १५० टक्क्यांवर २४ आणि २०० टक्क्यांवर ३२. आजकालच्या लॅपटॉपवर १२५ आणि १५० ही मापं सर्रास असतात, त्यामुळे २०चं चित्र गाळलं तर बऱ्याच लोकांना तुमचा टूलबार पुसट दिसेल.

जुन्या प्रोग्रॅममधून १६ × १५ मापाची चित्रं हाती आली तर गोंधळू नका. विंडोजच्या जुन्या टूलबारचं ठरलेलं माप तेच होतं, आणि बटण २४ × २२चं. वर किंवा खाली एक पारदर्शक ओळ जोडली की काम भागतं.

५१२ पिक्सेलचं एकच मोठं चित्र दिलं तर? क्यूटी लहान करून घेईलच की.

घेईल, पण ते वाचता येईल याची खात्री नाही. अंतर मोजण्याच्या बटणावरची पट्टी घ्या. मोठ्या चित्रात पट्टीवर वीस खुणा छान दिसतात. १६ पिक्सेलमध्ये दोन खुणांमध्ये एक पिक्सेल रिकामा सोडायचा तर जास्तीत जास्त सात-आठ खुणा मावतात, आणि पट्टी तिरपी असेल तर त्याहून कमी. वीस खुणांचं चित्र आपोआप लहान केलं की खुणांच्या जागी राखाडी पट्टा उरतो.

१६च्या चित्रात चारच खुणा काढा, एक लांब आणि एक आखूड अशा आलटूनपालटून. पट्टी जरा जाड करा, सावली आणि लाकडाचा रंग काढून टाका. लहान चित्र काढणं म्हणजे काय ठेवायचं आणि काय वगळायचं हे ठरवणं. हे काम माणसानंच करायचं असतं, पिक्सेलची सरासरी काढून ते होत नाही.

एसव्हीजी वापरलं की मापाचा प्रश्न मिटला ना?

अर्धाच मिटला. एसव्हीजीमध्ये चित्र पिक्सेलऐवजी रेघा आणि आकारांच्या वर्णनानं साठवलेलं असतं, आणि तिथे रेघेची जाडी मार्गाच्या दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते. एक पिक्सेल जाडीची उभी रेघ क्ष = ३ वर ओढली तर तिचा अर्धा भाग डावीकडच्या रकान्यात पडतो आणि अर्धा उजवीकडच्या. मग एका काळ्या रेघेऐवजी दोन राखाडी रेघा दिसतात. तीच रेघ ३.५ वर ओढली तर ती बरोबर एका रकान्यात बसते आणि स्वच्छ उमटते. इंकस्केपमध्ये (एसव्हीजी काढायचा प्रोग्रॅम) एका पिक्सेलची जाळी चालू करा, भरीव आकारांच्या कडा जाळीच्या रेषेवर ठेवा आणि एक पिक्सेलच्या रेघा अर्ध्यावर.

एवढं करूनही १२५ टक्क्यांवर एक पिक्सेलची रेघ सव्वा पिक्सेलची होते आणि पुन्हा पुसट दिसते. म्हणून नेहमी लागणाऱ्या दहा-बारा बटणांसाठी मी हातानं जुळवलेल्या पीएनजी (पिक्सेलच्या चित्रांच्या फाइली) ठेवते आणि बाकीच्यांना एसव्हीजी देते.

टूलबारचं माप वाढवलं, बटण मोठं झालं, पण चित्र मधोमध लहानच राहिलं. का?

क्यूआयकॉन, म्हणजे क्यूटीमध्ये बटणाचं चित्र सांभाळणारा क्लास, पिक्सेलचं चित्र लहान करतो, पण ताणून मोठं करत नाही. १६चंच चित्र दिलं असेल आणि तुम्ही ३२ मागितलं तर १६चंच मिळतं. एका क्यूआयकॉनमध्ये ॲडफाइल पुन्हा पुन्हा वापरून सगळी मापं भरा, जवळचं माप तो स्वतः निवडतो. दाट स्क्रीनसाठी फाइलच्या नावाला शेवटी ‘@२एक्स’ जोडलेली दुप्पट मापाची फाइल शेजारी ठेवली तर तीही आपोआप उचलली जाते. मात्र प्रत्यक्ष नावात आकडा आणि अक्षर इंग्रजी लिपीतलेच हवेत.

बटण बंद असताना करडं चित्र मला वेगळं काढावं लागेल का?

काढलं नाही तर क्यूटी तुमच्या चित्रावरून स्वतः करडं चित्र तयार करतं. रंगीत चित्रासाठी ते बहुधा चालतं. पण तुमची चित्रं मुळातच एकरंगी करडी असतील, आणि सध्या तीच चाल आहे, तर चालू बटण आणि बंद बटण यांतला फरक कळेनासा होतो. वापरणारा बंद बटणावर क्लिक करत बसतो आणि प्रोग्रॅम अडकला असं समजतो. अशा वेळी बंद अवस्थेचं चित्र स्वतः द्या, आणि नुसता रंग न बदलता फिकेपणात ठळक फरक ठेवा.

क्यूआयकॉनमध्ये चार अवस्था असतात : साधी, बंद, माउस वर आलेली आणि निवडलेली. शिवाय प्रत्येकीला दाबलेली आणि न दाबलेली अशा दोन बाजू असतात. आठही चित्रं काढायची गरज नसते. आमच्या नकाशात ‘सरकवा’ आणि ‘मोजा’ ही बटणं दाबलेली राहतात, कारण एका वेळी एकच अवजार हातात असतं. तिथे दाबलेली बाजू नीट दिसायला हवी, आणि ती बटणाच्या चौकटीवरून दिसलेली बरी. चित्रच बदललं तर लोकांना वाटतं की बटणाचं कामही बदललं.

‘खेळवा’ आणि ‘थांबवा’सारख्या जोडीत मात्र चित्र बदलावंच लागतं. तिथे क्लिक केल्यावर जे घडणार आहे त्याचं चित्र दाखवा. आवाज चालू असताना दोन उभ्या रेघा, थांबलेला असताना त्रिकोण. काही प्रोग्रॅम याच्या उलट करतात आणि सध्याची स्थिती दाखवतात. दोन्ही पद्धती एकाच टूलबारवर आल्या तर कुणालाच काही उमगत नाही.

चित्राभोवती काळपट किनार दिसते. दुसऱ्या एका चित्राभोवती पांढरी. असं का?

ही दोन वेगळी दुखणी आहेत.

काळपट किनारीचं मूळ पारदर्शकता साठवण्याच्या दोन पद्धतींत आहे. कडेचा अर्धा पारदर्शक लाल पिक्सेल पीएनजीमध्ये लाल २५५ आणि अल्फा १२८ असा साठवतात, म्हणजे रंग पूर्ण आणि पारदर्शकता वेगळी. रंगवायचं काम झटपट व्हावं म्हणून अनेक ग्राफिक्स लायब्रऱ्या रंगाला आधीच अल्फानं गुणून ठेवतात. तोच पिक्सेल तिथे लाल १२८ आणि अल्फा १२८ असतो. कैरो लायब्ररीचं आणि विंडोजच्या अल्फाब्लेंडचं गणित असंच आहे. आधीच गुणलेला पिक्सेल न गुणलेला समजून कुणी वापरला तर तो दुसऱ्यांदा गुणला जातो आणि कड काळवंडते. उलट झालं तर कड नको तेवढी उजळ दिसते. क्यूइमेजमध्ये या दोन्हींसाठी दोन वेगळे फॉरमॅट आहेत : एआरजीबी३२ आणि प्रीमल्टिप्लाइड एआरजीबी३२. दुसऱ्या लायब्ररीकडून चित्राची मेमरी थेट घेत असाल तर त्यातला नेमका कोणता ते बघून सांगा.

पांढरी किनार चित्रातच असते. कुणीतरी पांढऱ्या कागदावर काढलेल्या चित्राचा पांढरा भाग पुसून ते ‘पारदर्शक’ केलेलं असतं, पण कडेच्या पिक्सेलमध्ये पांढरा आधीच मिसळलेला असतो. त्याला प्रोग्रॅममध्ये औषध नाही. मूळ चित्र मिळवा किंवा कड हातानं पुन्हा काढा. फार जुन्या चित्रांत कडेला भडक गुलाबी ठिपके दिसले तर तेही याच जातीचे. तेव्हा लाल २५५, हिरवा ०, निळा २५५ हा रंग ‘इथे पारदर्शक समजा’ असं सांगण्यासाठी वापरत.

डार्क थीम लावली की काळे आयकॉन दिसेनासे होतात. दोन संच ठेवू का?

एकरंगी चित्रं असतील तर एक संच पुरतो. चित्र क्यूपिक्समॅपमध्ये घ्या, क्यूपेंटरचा कंपोझिशन मोड ‘सोर्सइन’ करा आणि त्यावर थीमच्या अक्षरांचा रंग भरा. आकार तोच राहतो, रंग बदलतो. क्यूटी ६.५ पासून स्टाइलहिंट्समध्ये थीम उजळ आहे की गडद ते कळतं आणि ती बदलली की सिग्नलही येतो. त्या सिग्नलवर आयकॉन पुन्हा भरा.

रंगीत चित्रांना हा उपाय चालत नाही. नकाशातली लाल खूण पांढरी झाली तर तिचा अर्थच जातो. रंगीत चित्र दोन्ही थीमवर ठेवून डोळ्यांनी बघा आणि गरज पडली तर बारीक उजळ कड द्या. वेबच्या सुलभतेच्या नियमांत, डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये, अर्थ सांगणाऱ्या चित्राला शेजारच्या रंगाशी किमान ३ : १ कॉन्ट्रास्ट लागतो. डेस्कटॉपलाही तीच पट्टी लावावी.

बटण आहे, पण चित्र दिसतच नाही. एररही येत नाही.

दहापैकी नऊ वेळा फाइलचा रस्ता चुकलेला असतो. क्यूआयकॉनला फाइल सापडली नाही तर तो गप्प राहतो. तुम्ही दिलेला रस्ता प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून सुरू झाला तिथून मोजला जातो. त्यामुळे तुमच्या एडिटरमधून सगळं दिसतं आणि डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटमधून सगळं रिकामं. चित्रं क्यूटीच्या रिसोर्स फाइलमध्ये बांधून टाका, म्हणजे ती प्रोग्रॅमबरोबरच जातील. एसव्हीजी दिसत नसेल आणि पीएनजी दिसत असेल तर एसव्हीजीचं प्लगइन प्रोग्रॅमच्या पॅकेजमध्ये आलंय का ते बघा.

पायसाइड६मध्ये क्यूअॅक्शन सापडत नाही.

क्यूअॅक्शन म्हणजे बटणामागची किंवा मेनूमागची कृती. क्यूटी ६मध्ये ते क्यूटीविजेट्समधून क्यूटीजीयूआय या मॉड्यूलमध्ये हलवलं आहे. इम्पोर्टची ओळ बदला.

सेव्हसाठी फ्लॉपीचं चित्र अजून ठेवावं का?

ठेवा. १.४४ एमबीची फ्लॉपी हाताळलेली नसलेली मुलंसुद्धा ते चित्र ‘सेव्ह’ म्हणूनच ओळखतात. लिनक्सवर आयकॉन थीममधून नावानं मागा : ‘डॉक्युमेंट-सेव्ह’, ‘एडिट-कॉपी’ अशी नावं ठरलेली आहेत, आणि मग वापरणाऱ्याच्या थीममध्ये जे चित्र असेल ते येतं. विंडोजवर क्यूटी ६.७ पासून काही नावांना तिथलेच आयकॉन मिळतात. तरी सोबत स्वतःचं पर्यायी चित्र द्याच.

ठळक, तिरपं, अधोरेखित या बटणांवर मराठी अक्षर टाकायचं असेल तर?

जरूर टाका. जर्मन वर्डमध्ये याच बटणांवर बी, आय, यू यांच्याऐवजी एफ, के, यू ही अक्षरं दिसतात, तर मराठी प्रोग्रॅमनं संकोच का करावा? अडचण जागेची आहे. १६ पिक्सेलच्या चित्रात वर शिरोरेषा, तिच्याखाली अक्षर आणि अधोरेखिताची रेघ, एवढं सगळं मावायला हवं. ‘अ’ सोळामध्ये गिचमिड होतो, ‘क’ला दोन गाठी असतात. ‘ग’ किंवा ‘प’ सुटसुटीत बसतात. शिरोरेषा एक पिक्सेल जाड आणि पूर्ण पिक्सेलवर ठेवा, अधोरेखित आणि अक्षर यांच्यात किमान एक रिकामी ओळ सोडा. ठळक बटणात शिरोरेषा आणि काना दोन्ही दोन पिक्सेलचे करा.

अक्षर प्रोग्रॅम चालू असताना फॉन्टमधून उमटवू नका. एका मशीनवर मंगल असतो, दुसऱ्यावर निर्मला, तिसऱ्यावर नोटो सान्स देवनागरी, आणि तिघांची शिरोरेषा वेगळ्या उंचीवर येते. एकदा चित्र काढा आणि तेच सगळीकडे न्या.

उर्दू किंवा अरबी आवृत्तीचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट. दिशा बदलल्यावर क्यूटी टूलबारचा क्रम उलटवतं, तुमची चित्रं उलटवत नाही. मागे-पुढेचे बाण तुम्हालाच उलटवावे लागतात.

कर्सरचा बाण तिरपाच का असतो?

माउसचे जनक डग्लस एंगलबार्ट यांच्या सुरुवातीच्या प्रणालीत बाणाचं टोक सरळ वर होतं. पुढे झेरॉक्स पार्कमध्ये ऑल्टो संगणकावर १६ × १६ ठिपक्यांत बाण काढायची वेळ आली, तेव्हा त्या जाडसर पडद्यावर सरळ बाण ओळखू येणं कठीण होतं. बाण डावीकडे कलवला की त्याची एक कड सरळ उभी आणि दुसरी ४५ अंशांची होते, आणि ठिपक्यांच्या जाळीवर या दिशांच्या रेषा तुटक न दिसता उमटतात. टोकाचा भाग जवळून असा दिसतो. इथे क म्हणजे काळा, प म्हणजे पांढरा आणि ० म्हणजे पारदर्शक :

क०००००००
कक००००००
कपक०००००
कपपक००००
कपपपक०००
कपपपपक००
कपपपपपक०

काळी कड आणि पांढरं पोट असल्यामुळे हा बाण काळ्या पडद्यावरही दिसतो आणि पांढऱ्यावरही. टोकही आपोआप वरच्या डाव्या कोपऱ्यात, म्हणजे ०,० वर येतं.

१९८४च्या मॅकिंटॉशमध्ये अख्खा कर्सर ६८ बाइटमध्ये बसत असे : ३२ बाइट चित्राचे, ३२ मास्कचे (कुठला ठिपका पारदर्शक ते सांगणारे) आणि ४ हॉटस्पॉटचे (क्लिक नेमका कुठे धरायचा तो बिंदू). या तीन गोष्टी आजही तशाच आहेत. फक्त मास्कच्या जागी अल्फा आला.

हॉटस्पॉट कुठे ठेवायचा?

जिथे कामाची जागा आहे तिथे. पेन्सिलीच्या टोकावर, रंगाच्या बादलीतून सांडणाऱ्या थेंबाच्या टोकावर, भिंगाच्या काचेच्या मध्यावर. भिंगाच्या बाबतीत हमखास घोळ होतो. २४ × २४च्या चित्रात काच वरच्या डाव्या बाजूला १५ पिक्सेल व्यासाची असेल तर तिचा मध्य ७,७ वर येतो. क्यूकर्सरला हॉटस्पॉट सांगितला नाही तर तो चित्राचा मध्य धरतो, म्हणजे १२,१२, आणि ती जागा जवळजवळ काचेची कड असते. वापरणारा गावावर काच धरतो आणि नकाशा शेजारच्या ओढ्यावर मोठा होतो.

मोजणी शून्यापासून असते. ३२च्या चित्रात शेवटचा पिक्सेल ३१वा. दाट स्क्रीनसाठी दुप्पट चित्र देऊन त्याचं डिव्हाइसपिक्सेलरेशो २ ठेवलं असेल तर हॉटस्पॉट मूळ मापात सांगायचा, दुप्पट करायचा नाही.

तपासायची सोपी रीत आहे. क्लिक केलेला एकच पिक्सेल लाल करणारी रिकामी खिडकी बनवा, सिस्टीमच्या मॅग्निफायरनं मोठं करून बघा. एका पिक्सेलचा फरकही तिथे लपत नाही.

आयसीओ फाइलला कर्सर बनवलं तर क्लिक खाली डाव्या कोपऱ्यात होतो. का?

आयसीओ ही विंडोजच्या आयकॉनची फाइल. तिचा आणि कर्सरच्या फाइलीचा साचा एकच आहे. सुरुवातीला ६ बाइटचं शीर्षक : दोन शून्य बाइट, मग प्रकार (आयकॉनसाठी १, कर्सरसाठी २), मग चित्रांची संख्या. त्यानंतर प्रत्येक चित्रासाठी १६ बाइटची नोंद. या नोंदीत आयकॉन ज्या दोन जागी रंगांचे थर आणि प्रत्येक पिक्सेलचे बिट लिहितो, त्याच जागी कर्सर हॉटस्पॉटचा क्ष आणि य लिहितो. आयकॉनमध्ये तिथे बहुतेक वेळा १ आणि ३२ असतं. नुसता प्रकार १चा २ केला की हॉटस्पॉट १,३२ वर जातो, म्हणजे ३२च्या चित्राच्या खाली डाव्या बाजूला. त्या दोन जागी खरे आकडे लिहा.

याच नोंदीत रुंदी-उंचीला एकेकच बाइट आहे, म्हणून २५६चं माप ० असं लिहितात.

माझा प्लस-आकाराचा कर्सर राखाडी भागावर नाहीसा होतो.

तुम्ही पडदा उलटवणारा कर्सर वापरला आहे. विंडोजच्या जुन्या पद्धतीत दोन मास्क असतात : आधी पडद्याचा पिक्सेल पहिल्याशी अँड होतो, मग दुसऱ्याशी एक्सऑर (या दोन्ही बिटांवरच्या क्रिया). पहिल्यात १ आणि दुसऱ्यातही १ असेल तर पडद्याचा रंग उलटतो, पांढऱ्यावर काळा आणि काळ्यावर पांढरा. कल्पना फार सुंदर आहे आणि मजकुरावरचा आय-आकाराचा कर्सर तिच्यावरच चालत आला. पण १२८ उलटवला की १२७ मिळतो, आणि मध्यम राखाडीवर कर्सर अदृश्य होतो. उपग्रहाच्या छायाचित्रात असा राखाडी भाग भरपूर असतो.

शिवाय उलटवण्याची ही सोय क्यूटीमध्ये फक्त विंडोजवर मिळते, इतरत्र काय दिसेल याचा भरवसा नाही. एक पिक्सेलची काळी रेघ काढा, तिला दोन्ही बाजूंनी पांढरी कड द्या आणि मधला पिक्सेल मोकळा सोडा, म्हणजे ज्या बिंदूवर क्लिक करायचा तो झाकला जात नाही.

प्रत्येक अवजारासाठी स्वतःचा कर्सर काढावा का?

माझं उत्तर शक्यतो ‘नाही’ असंच असतं, आणि त्यामागे ठाम कारण आहे. कर्सर वापरणाऱ्याचा असतो. नजर अधू झालेल्या माणसानं विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन पॉइंटर मोठा केलेला असतो, त्याला ठळक रंग दिलेला असतो. सिस्टीमचा बाण, हात, आय, प्लस हे सगळे कर्सर त्याचं म्हणणं ऐकतात. तुमचं ३२ पिक्सेलचं चित्र ऐकत नाही. तो तुमच्या नकाशावर येतो आणि त्याचा मोठा पिवळा बाण जाऊन तिथे बारीक भिंग येतं. जिल्ह्याच्या ठिकाणी कचेरीत दिवसभर नकाशे बघणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या माणसाचा विचार करा.

आमच्या नकाशात सरकवण्यासाठी उघडा आणि मिटलेला हात क्यूटीत तयार आहेत, मोजण्यासाठी प्लस तयार आहे, खूण करायला बोटाचा हात चालतो. भिंग तेवढं स्वतः काढावं लागतं. ते काढताना ३२ आणि ६४ अशी दोन्ही मापं द्या, काळी-पांढरी दुहेरी कड ठेवा, आणि ‘साधे कर्सर वापरा’ अशी एक खूण सेटिंगमध्ये ठेवा.

चित्रकलेच्या प्रोग्रॅमची गोष्ट निराळी. तिथे ब्रशच्या आकाराचं वर्तुळ हीच खरी माहिती असते. ब्रश फार मोठा झाला तर ते वर्तुळ कर्सरमध्ये न कोंबता कॅनव्हासवर काढा, कारण हार्डवेअर कर्सरच्या मापाला मर्यादा असते.

सेटकर्सर लिहिलं तरी नकाशावर कर्सर बदलत नाही.

क्यूग्राफिक्सव्ह्यू आणि क्यूटेक्स्टएडिटसारख्या स्क्रोल होणाऱ्या विजेटमध्ये आत व्ह्यूपोर्ट नावाचं वेगळं विजेट असतं आणि माउस त्याच्यावर फिरतो. कर्सर व्ह्यूपोर्टवर लावा.

‘थांबा’चा कर्सर लागतो तो जातच नाही.

सेटओव्हरराइडकर्सर हे एकावर एक रचत जातं. दोनदा लावलं तर दोनदाच काढावं लागतं. बहुतेक वेळा मध्ये एरर येते, फंक्शन अर्ध्यातून बाहेर पडतं आणि काढायची ओळ चालतच नाही. पायथनमध्ये काढायची ओळ फायनलीमध्ये ठेवा. सी++मध्ये एक छोटा क्लास करा, त्याच्या डिस्ट्रक्टरमध्ये ती ओळ लिहा.

त्याहून मोठा मुद्दा असा की लांबलचक काम मुख्य थ्रेडवर करूच नये. खिडकीनं पाच सेकंद संदेशांना उत्तर दिलं नाही की विंडोज तिला ‘प्रतिसाद देत नाही’ ठरवतं. बाण मात्र पडद्यावर छान हलत राहतो, कारण तो तुमच्या प्रोग्रॅमकडून रंगवलाच जात नाही. काम दुसऱ्या थ्रेडवर टाका आणि बाणासोबत छोटं चक्र दाखवणारा ‘बिझी’ कर्सर लावा. त्यातून ‘काम चालू आहे, पण तुम्ही क्लिक करू शकता’ हे खरं खरं सांगितलं जातं.

कंट्रोल दाबल्यावर भिंग ‘मोठं करा’चं ‘लहान करा’ होतं, पण कधीकधी तसंच अडकून राहतं.

की सोडल्याचा संदेश तुमच्यापर्यंत आलाच नाही. वापरणाऱ्यानं कंट्रोल दाबून ठेवलं, दुसऱ्या खिडकीत गेला आणि तिथे की सोडली. तो संदेश त्या खिडकीला गेला. खिडकी पुन्हा सक्रिय होताना आणि माउस आत शिरताना कीबोर्डची खरी स्थिती विचारून कर्सर नव्यानं ठरवा.

हलता कर्सर करता येतो का?

क्यूकर्सरला एएनआय, म्हणजे विंडोजच्या हलत्या कर्सरची फाइल, समजत नाही. टायमर लावून एकेक चित्र बदलत राहावं लागतं. मी ते करत नाही, बिझी कर्सर पुरतो.

लिनक्सवर माझा कर्सर बाकीच्यांपेक्षा लहान दिसतो.

तिथे कर्सरचं माप थीम आणि एक्सकर्सर_साइझ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवरून ठरतं, तुमचं चित्र त्यातून सुटतं. ते व्हेरिएबल वाचून जवळचं माप निवडा. पूर्ण थीम बनवायची असेल तर एक्सकर्सरजेन हे अवजार आहे. त्याला द्यायच्या मजकूर फाइलमध्ये दर ओळीला माप, हॉटस्पॉटचा क्ष, य आणि पीएनजीचं नाव एवढंच लिहायचं असतं.

स्क्रीनशॉटमध्ये कर्सर येत नाही.

तो पडद्यावर वेगळ्या थरातून येतो, म्हणून. मदतीच्या पानासाठी हवा असेल तर स्क्रीनशॉटच्या अवजारात ‘पॉइंटर घ्या’ हा पर्याय शोधा.

चित्र स्पष्ट असेल तर टूलटिप कशाला?

चित्र काढणाऱ्यालाच ते नेहमी स्पष्ट वाटतं. क्यूअॅक्शनला मजकूर द्या. टूलटिप त्यातूनच तयार होते, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही बटणाचं नाव तिथूनच ऐकू येतं. मजकुरात कृती लिहा : ‘अंतर मोजा’, ‘खूण करा’. नुसतं ‘पट्टी’ लिहिलं तर चित्रात जे दिसतंय तेच पुन्हा सांगितलं जातं. शॉर्टकट की असेल तर तीही टूलटिपमध्ये येऊ द्या. बटणं वीसच्या वर गेली तर कमी वापराची मेनूत टाका.

फुकटात वापरता येतील असे आयकॉन कुठले?

टँगोचा मूळ संच सार्वजनिक मालकीचा केलेला आहे आणि त्याची १६ ची चित्रं आजही शिकण्यासारखी आहेत, कारण ती त्या मापासाठी वेगळी जुळवलेली आहेत. एकरंगी हवे असतील तर गूगलचे मटेरियल आयकॉन अपाची २.० परवान्यावर आहेत, फेदर एमआयटीवर. फॉन्ट ऑसमच्या मोफत संचातली चित्रं सीसी बाय ४.० वर आहेत, म्हणजे श्रेय द्यावं लागतं. केडीईचा ब्रीझ संच एलजीपीएलवर आहे, त्याच्या अटी वाचून घ्या. दोन संचांतली चित्रं मिसळायची झाली तर आधी रेघेची जाडी आणि कोपऱ्याची गोलाई जुळते का ते बघा, आणि प्रत्येक चित्र कुठून घेतलं याची नोंद त्याच फोल्डरमध्ये एका मजकूर फाइलीत त्याच दिवशी करून ठेवा.